महागडी जिम लावण्याआधी हजेरी मोजा

मुंबईत वांद्रे, लोअर परळ, पवई किंवा पुण्यात कोरेगाव पार्क, बाणेर अशा भागांत वरच्या दर्जाची जिम लावायची म्हटली, की वर्षाची फी ५०-६० हजारांच्या घरात सहज जाते. काही ठिकाणी ती लाखाच्याही पुढे आहे. पर्सनल ट्रेनर घेतला तर त्याचे पैसे वेगळे, आणि तो खर्च अनेकदा मूळ फीपेक्षा जास्त भरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, म्हणजे ६० हजारांच्या फीवर जिथे १०,८०० रुपये कर बसत होता तिथे आता ३,००० बसतो. पण हा कमी दर इनपुट टॅक्स क्रेडिटशिवाय आहे. भाड्यावर आणि यंत्रांवर भरलेला कर मालकाला आता वळता करून घेता येत नाही, त्यामुळे सगळी सवलत ग्राहकाच्या पदरात पडेलच असं नाही. एकूण काय, तर मध्यमवर्गीय घरात ही रक्कम आई-वडिलांच्या आरोग्यविम्याच्या हप्त्याशी किंवा मुलांच्या शिक्षणाशी स्पर्धा करणारी आहे. ती भरून जे मिळतं ते त्या मोलाचं असतं का? माझ्या मते, ही फी भरणाऱ्या बहुतेकांसाठी नसतं. जिम वाईट असतात असं मला म्हणायचं नाही. व्यायामाचा गुण तो किती नेमाने केला यावर येतो, आणि फी जास्त भरली म्हणून नेम वाढत नाही, याचा पुरावा चांगला भक्कम आहे.

या विषयावर सर्वात जास्त उल्लेख होतो तो स्टेफानो देलाविन्या आणि उल्रिके मालमेंडिअर या दोन अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा. २००६ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबांच्या ७,७५२ सभासदांची तीन वर्षांची हजेरी त्यांनी तपासली. लोक स्वतःच्या व्यायामाबद्दल काय सांगतात हे त्यांनी विचारलं नाही. क्लबच्या दारावर कोण किती वेळा आलं याच्या नोंदी पाहिल्या. महिन्याला ७० डॉलरहून जास्त फीचा करार केलेले सभासद महिन्यातून सरासरी ४.३ वेळा येत होते. म्हणजे एका खेपेला त्यांना १७ डॉलरहून जास्त पडत होते, आणि त्याच क्लबमध्ये दहा खेपांचा पास घेतला असता तर एक खेप १० डॉलरला पडली असती. सभासदत्वाच्या काळात माणशी सरासरी ६०० डॉलर असे जास्तीचे गेले. हे लोक अडाणी नव्हते, फसवलेही गेले नव्हते. पुढच्या महिन्यात आपण नक्की नियमित होऊ, असं त्यांना मनापासून वाटत होतं. फी भरताना माणूस आजच्या स्वतःसाठी भरत नाही, पुढच्या सहा महिन्यांत जो होईन असं त्याला वाटतं त्या माणसासाठी भरतो. आपल्याकडे तर बहुतेक मोठ्या जिम वर्षाची फी एकरकमी घेतात. अमेरिकेतल्या सभासदाला निदान महिन्याअखेरीस करार मोडता येत होता. इथे जानेवारीत भरलेले पैसे मार्चमध्ये पाय थांबले तरी परत येत नाहीत.

यावर लगेच येणारं उत्तर ठरलेलं आहे: पैसे भरले की जावंच लागतं, फुकटचा व्यायाम कोणी करत नाही. यात थोडं तथ्य आहे, पण थोडंच. जॉन गूरव्हिल आणि दिलीप सोमण यांनी १९९८ मध्ये नेमकं हेच तपासलं. सहामाही फी भरणाऱ्या सभासदांची हजेरी पाहिली, तेव्हा फी भरलेल्या महिन्यात ती उंच गेलेली दिसली आणि नंतर महिन्यागणिक उतरत गेली. पुन्हा पैसे भरायची वेळ आली की पुन्हा वर. पैसे गेल्याची बोच माणसाला जिमपर्यंत नेते हे खरं, पण ती बोच काही आठवड्यांत बोथट होते. वर्षाची फी एकदम भरली की ती बोच वर्षातून एकदाच लागते. मोठी रक्कम भरून स्वतःला बांधून घेऊ, असं ज्यांना वाटतं त्यांनी उलट महिन्याला लहान रक्कम भरायला हवी, म्हणजे दर महिन्याला आठवण होईल. गॅरी चार्नेस आणि युरी ग्नीझी यांचा २००९ मधला प्रयोग याच्याही पुढे जातो. काही विद्यार्थ्यांना त्यांनी महिन्याभरात आठ वेळा जिमला जाण्याचे पैसे दिले. पैसे थांबल्यानंतरही हे विद्यार्थी इतरांपेक्षा जास्त येत राहिले, आणि हा फरक मुख्यतः आधी नियमित न जाणाऱ्यांत दिसला. जाण्यानेच जाण्याची सवय लागली. सवय लागण्याआधी एकरकमी मोठी फी भरणं हा म्हणूनच उलटा क्रम आहे.

आता आपल्या रुपयांत हिशेब करू. समजा फी ६० हजार आणि कर धरून ६३ हजार. आठवड्यातून चार दिवस, वर्षातले पन्नास आठवडे, म्हणजे २०० वेळा गेलात तर एक खेप ३१५ रुपयांना पडली. मुंबई-पुण्यात हा दर महाग म्हणता येणार नाही. आठवड्यातून दोनच दिवस जमलं तर ६३० रुपये. देलाविन्या-मालमेंडिअर यांच्या सभासदांसारखं महिन्यातून चार-साडेचार वेळा, म्हणजे वर्षात साधारण ५२ वेळा गेलात तर एक खेप बाराशे रुपयांच्या वर. आणि तीन महिने महिन्याला बारा वेळा जाऊन मग सोडून दिलंत, तर ३६ खेपा झाल्या आणि प्रत्येक खेप १,७५० रुपयांना पडली. एकच जिम, तेच यंत्र, तोच ट्रेनर. तरी एकाला व्यायाम ३१५ रुपयांत मिळतो आणि दुसऱ्याला १,७५० रुपयांत. म्हणून ‘ही जिम परवडते का’ हा प्रश्न जिमच्या दरपत्रकावरून सुटत नाही. तो गेल्या सहा महिन्यांतल्या तुमच्या हजेरीवरून सुटतो, मग ती हजेरी मैदानावरची असो, सोसायटीच्या गच्चीवरची असो की गल्लीतल्या व्यायामशाळेची.

विक्रीची पद्धत मात्र हा हिशेब करू देत नाही. चौकशीला गेलेल्या माणसाला आधी जिम फिरवून दाखवतात: ओळीने लावलेल्या ट्रेडमिल, स्टीमची खोली, ज्यूस काउंटर, लॉकर. मग टेबलावर एक छापील कागद येतो. त्यावर महिन्याची फी मुद्दाम चढी असते, तिमाही थोडी कमी, आणि वार्षिक फीसमोरचा आकडा खोडून त्याखाली पेनाने नवा लिहून दिला जातो. हा दर आजच्यापुरता, उद्या ऑफर संपते, वर दोन महिने फ्री. बारा महिन्यांनी भागून दाखवलं की वार्षिक दर महिन्याच्या दराच्या निम्म्यावर येतो आणि नकार देणं मूर्खपणाचं वाटू लागतं. पण ती भागाकाराची रीत बारा महिने येणाऱ्या माणसाची आहे. यात मालक लबाड असतो असं समजण्याचं कारण नाही. शहरातल्या मोक्याच्या जागेचं भाडं, एसीचं बिल, यंत्रांचे हप्ते, हे सगळं सभासद आले न आले तरी द्यावंच लागतं. म्हणून त्याला वर्षाचे पैसे आधी हवे असतात. शिवाय एका वेळी जेवढे लोक मावतील त्याच्या कितीतरी पट सभासद करता येतात, कारण सगळे एकदम येत नाहीत. सगळे सभासद नेमाने येऊ लागले तर संध्याकाळी सात वाजता बेंचसाठी रांग लागेल. न येणाऱ्यांच्या फीवर येणाऱ्यांची सोय चालते, हा या धंद्याचा पाया आहे, आणि ग्राहकाने तो माहीत करून घेऊनच सही करावी.

आता दुसरी बाजू. ती मी हलक्यात घेत नाही, कारण व्यायामाची गरज भारतीय माणसाला कोणाहूनही कमी नाही. बहुधा जास्तच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम करावा, आणि त्याखेरीज आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम करावा. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली आलेल्या अभ्यासानुसार जवळपास निम्मे प्रौढ भारतीय एवढी हालचाल करत नाहीत. आयसीएमआरच्या पाहणीत, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार, देशात मधुमेहाचे १० कोटींहून अधिक रुग्ण आहेत. आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी तर आपल्या शरीराची ठेवणच जगासमोर मांडली. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्यावर सडपातळ दिसणाऱ्या भारतीयात स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, हे इतक्या सोप्या रीतीने क्वचितच कोणी दाखवलं असेल. म्हणूनच ‘रोज अर्धा तास चाललं की झालं’ हा घरोघरी दिला जाणारा सल्ला अपुरा आहे. चालणं उत्तमच, पण स्नायू वाढवायला वजन उचलावं लागतं, निदान स्वतःच्या शरीराचं तरी. चाळिशीनंतर तर स्नायू टिकवून धरायलाही ते करावं लागतं. जिम ही चैन आहे, असं म्हणून हा विषय मोडीत काढणाऱ्यांशी मी सहमत नाही.

पण वजन उचलण्याची गरज आहे, म्हणून महागड्या जिमची गरज आहे असं होत नाही. वीस किलोची प्लेट ६० हजारांच्या जिममध्ये वीस किलोचीच असते आणि महिना हजार-बाराशे रुपये घेणाऱ्या व्यायामशाळेतही वीस किलोचीच. रॉड, प्लेट्स, डंबेलची एक ओळ, बेंच, पुलअपचा बार आणि स्क्वॉट रॅक, एवढ्यावर सामान्य माणसाला आयुष्यभर पुरेल इतका व्यायाम होतो. हलक्या वजनानेही, स्नायू पुरता दमेपर्यंत आवर्तनं केली तर, स्नायू वाढतात हे अनेक अभ्यासांतून दिसलं आहे. जड वजन लागतं ते ताकदीची कमाल गाठण्यासाठी. नियमित श्रमाची किंमत शरीर कशी मोजतं याचा जुना दाखला लंडनमधला आहे. जेरी मॉरिस या डॉक्टरने १९५३ मध्ये दाखवलं, की दुमजली बसवर दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना त्याच बसवर बसून काम करणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो. पुण्यात पर्वतीच्या १०३ पायऱ्या पहाटे चढणाऱ्यांची पावलं याच हिशेबात जमा होतात. महागड्या जिममध्ये जास्तीचं मिळतं ते गुळगुळीत चालणारं यंत्र, थंड हवा, गरम पाणी आणि स्वच्छ टॉवेल. या गोष्टी सुखाच्या आहेत, त्यासाठी पैसे द्यायला हरकत नाही. त्या आरोग्याच्या नावाखाली विकल्या जाऊ नयेत एवढंच.

महाराष्ट्राला तर ही गोष्ट नव्याने शिकायची गरज नव्हती. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी महाराष्ट्रीय मंडळ काढलं ते १९२४ साली. दादरला शिवाजी पार्कवरचं श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ चं, आणि तिथे मल्लखांब शिकवणारे उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. कोल्हापुरात तालमी आजही चालतात. या संस्थांची फी सामान्य घराला झेपेल अशी असे, आणि त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे तिथे चुकला तर हटकणारा वस्ताद असे. एक दिवस खाडा झाला तर दुसऱ्या दिवशी कोणीतरी विचारत असे. तेवढ्याने माणूस टिकत असे. तरीही जुनं ते सोनं म्हणून मी या व्यायामशाळांचे गोडवे गाणार नाही. गल्लोगल्लीच्या कितीतरी व्यायामशाळांत आज प्लेट्सना गंज चढला आहे, बेंचचा फोम बाहेर आला आहे, पंखा बंद आहे, आणि जागा एखाद्या मंडळाच्या ताब्यात गेल्यामुळे सामान्य माणूस पायरी चढत नाही. राज्य सरकार व्यायामशाळांना अनुदान देतं, महापालिका बागांमधून ग्रीन जिमची यंत्रं बसवते. बसवल्यानंतर त्यांच्या दुरुस्तीला माणूस नसतो, शिकवायला तर नसतोच. महागड्या जिमला ग्राहक मिळतो त्यामागे ही दुर्दशाही आहे.

सर्वात वजनदार आक्षेप बायकांचा आहे, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. वर सांगितलेल्या ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’च्या अभ्यासात पुरेसा व्यायाम न करणारे पुरुष सुमारे ४२ टक्के होते आणि स्त्रिया ५७ टक्के. या फरकाचं कारण आळस नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी ‘व्हाय लॉयटर?’ या २०११ च्या पुस्तकात मुंबईच्या संदर्भात दाखवलं आहे, की सार्वजनिक जागेत असण्यासाठी बाईला सतत काहीतरी काम असल्याचं दाखवावं लागतं. मैदानावर दंड-बैठका मारणारा पुरुष कोणाला खटकत नाही. त्याच मैदानावर स्क्वॉट मारणाऱ्या मुलीकडे माना वळतात. गल्लीतल्या व्यायामशाळेत वेगळी बदलायची खोली नाही, स्वच्छतागृह नाही, सुटण्याची वेळ रात्री नऊची आणि रस्त्यावर दिवे नाहीत. अशा परिस्थितीत एखादी नोकरदार स्त्री महागड्या जिमची फी भरते तेव्हा ती ट्रेडमिलसाठी पैसे देत नसते. कोणी टक लावून पाहू नये, दार लागणारी खोली मिळावी, काही झालं तर तक्रार ऐकणारं कोणी असावं, यासाठी देत असते. तिच्यापुरता हा सौदा योग्य आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष महागड्या जिमच्या बाजूचा नाही. जे महापालिकेच्या व्यायामशाळेत मिळायला हवं ते ६० हजारांना विकत घ्यावं लागतं, हा त्यातला मुद्दा. ज्या बाईच्या खिशात ६० हजार नाहीत ती अनेकदा व्यायामच करत नाही, आणि ५७ टक्क्यांमधल्या बहुसंख्य अशाच असाव्यात. प्रत्येक प्रभागातल्या व्यायामशाळेत बायकांची स्वतंत्र वेळ, शिकवणारी स्त्री प्रशिक्षक आणि चालू स्थितीतलं स्वच्छतागृह असावं, ही मागणी निवडणुकीत कोणी करताना दिसत नाही. ती करायला हवी. तोपर्यंत मधला मार्ग आहे तो मध्यम फीच्या, फक्त महिलांसाठी चालणाऱ्या किंवा महिलांची बॅच ठेवणाऱ्या जिमचा. तिथे हीच सुरक्षितता बऱ्याच कमी पैशांत मिळू शकते.

हवा आणि पाऊस हा त्यापेक्षा लहान मुद्दा. चार महिने पाऊस, मे महिन्यातला उकाडा, हिवाळ्यात मुंबईत साचणारं धुरकं, यात बाहेरचा व्यायाम बंद पडतो हे खरं. त्यासाठी छप्पर हवं. इटालियन मार्बल लागत नाही. घरात चटई आणि दोन डंबेल ठेवली तरी पावसाळा निभावतो.

ट्रेनरचा मुद्दा मात्र नीट पाहायला हवा, कारण महागड्या जिमची बाजू इथेच सर्वात बळकट वाटते. पाठदुखी असलेला, रक्तदाबाची गोळी घेणारा, पन्नाशीतला माणूस पहिल्यांदा वजन उचलणार असेल तर त्याला जाणकार माणूस शेजारी हवाच. चुकीच्या पद्धतीने उचललेला रॉड कंबर धरायला लावतो. पण चांगला शिक्षक आणि महागडी जिम या दोन गोष्टी एकच आहेत, हे गृहीत धरू नका. मोठ्या जिममधल्या मजल्यावरच्या ट्रेनरचा पगार अनेकदा बेताचा असतो आणि त्याची खरी कमाई पर्सनल ट्रेनिंगची पॅकेजेस विकण्यावर असते. नव्या सभासदाला पहिले दोन-तीन दिवस सगळं दाखवलं जातं, मग हळूहळू सुचवलं जातं, की तुमच्यासाठी पीटी घेतलेली बरी. त्यापाठोपाठ प्रोटीनचा डबाही येतो. फी भरलेल्या सभासदाला मूलभूत हालचाली नीट शिकवणं हे जिमचं कामच आहे. त्यासाठी पुन्हा पैसे मागितले जात असतील तर ती फी कशाची होती, हे विचारायला हवं. उलट, जवळच्या साध्या जिममध्ये नाव घालून, एखाद्या अनुभवी प्रशिक्षकाकडून पैसे देऊन दहा-बारा वेळा फक्त पद्धत शिकून घेतली, तर वर्षभराच्या चकचकीत सभासदत्वापेक्षा ती गुंतवणूक जास्त कामाला येते. प्रशिक्षक कुठे शिकला, कोणता दाखला आहे, दुखापत झालेल्या माणसाबरोबर त्याने काम केलं आहे का, हे विचारायला संकोच करू नये.

काहीजण म्हणतील, की तिथलं वातावरण, तिथली माणसं, ओळखी, दिवसभराच्या कटकटीतून मिळणारा एक तास, याची किंमत काही नाही का? आहे. पण तो खर्च करमणुकीच्या किंवा क्लबच्या खात्यात लिहावा. सहलीला, नाटकाला, हॉटेलला आपण पैसे देतोच, आणि त्यांचा हिशेब आरोग्याच्या नावावर मागत नाही. ज्याला परवडतं त्याने खुशाल द्यावेत. कर्ज काढून किंवा शून्य व्याजाच्या हप्त्यावर जिमची फी भरणाऱ्या पंचविशीतल्या तरुणाला मात्र मी थांबवेन. हप्ते बारा महिने जातात, पाय तीन महिन्यांत थांबतात.

आणि एकरकमी फीमध्ये आणखी एक धोका आहे, त्यात तुमची हजेरी शंभर टक्के असली तरी सुटका नाही. तळवलकर हे नाव महाराष्ट्रात व्यायामाशी कित्येक दशकं जोडलेलं. त्या नावाची कंपनी २०१० मध्ये शेअर बाजारात आली, देशभर शाखा झाल्या, आणि २०१९ मध्ये कर्जाची देणी थकल्यावर शाखा बंद पडत गेल्या. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि राज्यातल्या जिम उघडल्या त्या थेट २५ ऑक्टोबर २०२० ला, दसऱ्याच्या दिवशी. आगाऊ फी घेणारी संस्था बुडाली, की सभासद हा विनातारण धनको ठरतो. आधी बँकांचं पाहिलं जातं, मग उरलं तर त्याचं. म्हणजे वार्षिक सवलतीच्या बदल्यात तुम्ही जिमला वर्षभराचं बिनव्याजी, बिनतारणी कर्ज देत असता. दोन महिने फ्री हा त्या कर्जाचा मोबदला आहे असं समजलं, तर तो पुरेसा आहे का हे प्रत्येकाला ठरवता येईल. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये एकतर्फी करारांविरुद्ध दाद मागण्याची सोय आहे, ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी लागत नाही. जिम कबूल केलेली सेवा देत नसेल, शाखा हलवली किंवा बंद केली असेल, तर पावतीवर ‘नॉन-रिफंडेबल’ छापलं आहे म्हणून गप्प बसायचं कारण नाही. आपला उत्साह संपला म्हणून पैसे परत मागणं वेगळं. तिथे हात बांधलेलेच असतात.

तर मग महागडी जिम कोणासाठी योग्य? गेले सहा महिने साध्या जिममध्ये, मैदानावर किंवा घरी आठवड्यातून चार दिवस ज्याचा व्यायाम सुटलेला नाही, ज्याला घरापासून किंवा ऑफिसपासून दहा मिनिटांत ती जिम गाठता येते, आणि ज्याला आता मिळत नाही असं काहीतरी नेमकं तिथे मिळणार आहे, त्याच्यासाठी. पोहण्याचा तलाव, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर लागणारं यंत्र, बाईसाठी निर्धास्त जागा, असं ते काहीतरी असावं. या तीन अटींमध्ये अंतराची अट लोक सर्वात हलकी समजतात, आणि माझ्या मते तीच सर्वात कडक आहे. घोडबंदर रोडच्या किंवा हिंजवडीच्या वाहतुकीत एका बाजूला चाळीस मिनिटं जाणार असतील, तर जिम कितीही सुंदर असो, पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यात खाडे सुरू होतात. बाकी सगळ्यांनी आधी स्वस्तात सवय लावावी. ६३ हजारांतले पाच-सात हजार चांगल्या बुटांवर आणि डंबेलवर, बारा-पंधरा हजार जवळच्या व्यायामशाळेवर आणि उरलेल्यातला थोडा भाग चार गोष्टी नीट शिकवणाऱ्या माणसावर खर्च केला, तर वर्षाअखेर हातात पैसेही राहतात आणि अंगात ताकदही.

येत्या जानेवारीत किंवा गुढीपाडव्याला एखाद्या जिमच्या टेबलासमोर बसलात, तर एवढं करा. वार्षिक फीचा कागद बाजूला सारून महिन्याचा दर मागा, तो चढा असला तरी तीन महिने तोच भरा, आणि प्रत्येक खेप भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणेने मांडा. तीन महिन्यांत चाळीस खुणा झाल्या तर खुशाल वर्षाची फी भरा. सवलत तेव्हाही मिळते. करार वाचून, पत्त्यासह पक्की पावती घेऊनच पैसे द्या. आणि पुढे जिमने कबूल केलेलं दिलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.